दप्तरातली साखर

मार्च उजाडला की हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत, औंढा, कळमनुरीच्या शिवारात हळद शिजायला लागते आणि कुकरच्या वाफेचा तो उग्र, मातकट वास गावात शिरतो. वासाच्या मागोमाग दरवर्षीचा सल्लाही येतो: हळद घ्या, साखर उतरते. गोळ्या चालू ठेवून साठीतल्या माणसाने चिमूटभर हळद दुधात घेतली तर बिघडत काहीच नाही. पण हाच सल्ला तेरा वर्षांच्या पोरीच्या आईला दिला जातो, सोबत ‘एवढ्या कोवळ्या जिवाला रोज सुया कशाला?’ अशी कळकळही असते, आणि तिथे माझा संताप आवरत नाही. टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केलेल्या असतात. गोड जास्त खाल्ल्याने हा आजार होत नाही आणि काढ्याने जातही नाही. इन्सुलिन बंद केलं तर काही दिवसांतच रक्तात आम्ल साचतं, उलट्या होतात, श्वास जोरात चालतो, शुद्ध हरपते. गावाला ते अपचन वाटतं.

टोरांटोत 11 जानेवारी 1922 रोजी ज्याला उपचार म्हणून पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तो लिओनार्ड थॉम्पसनही किशोरवयातच होता. पहिल्या अर्काने फारसं साधलं नाही. तो अधिक शुद्ध करून पुन्हा दिला, तेव्हा साखर उतरली. पुढच्याच वर्षी बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना नोबेल मिळालं. पुस्तकांतली गोष्ट बहुधा तिथेच थांबते. मला मात्र त्या मुलाच्या पुढच्या तेरा वर्षांबद्दल वाचायचं असतं. रोज टोचून घेणं, मोजून खाणं, सोबत्यांत वेगळं दिसणं हे सगळं त्याने न्युमोनियाने मरण येईपर्यंत निभावलं. औषध शतकापूर्वी सापडलं. ते घेऊन आठवीचा वर्ग कसा पार पाडायचा, हे मात्र आपण अजून पोराच्या एकट्याच्या शहाणपणावर सोडून दिलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की सवय एकट्या पोराला लागत नाही, ती घराला आणि शाळेला लावावी लागते. ‘पथ्य पाळत नाही, ऐकतच नाही’ ही तक्रार सर्रास असते. पण वयात येताना वाढीची संप्रेरकं उसळतात, इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, आणि तेवढंच खाऊन, तेवढंच टोचूनही साखर चढते. पोरगी खरं बोलत असते, आपण तिच्यावर चोरून खाल्ल्याचा आळ घेतो. उलट बाजूही आहे. सकाळी सुई घेतली, परिपाठ लांबला, खिचडी उशिरा आली, की साखर 70च्या खाली येते. हात थरथरतात, कपाळावर घाम येतो, फळ्यावरचं दिसेनासं होतं, साध्या प्रश्नावर पोर चिडून उत्तर देतं. सरांना तो माज वाटतो. अशा वेळी दप्तरातल्या कागदाच्या पुडीतली तीन चमचे साखर लगेच तोंडात जायला हवी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायला हवं. साखरेच्या रुग्णाला साखर, हे वर्गात एकदा नीट सांगितलं तर कोणी हसत नाही. सीबीएसईने 2017मध्ये दहावी-बारावीच्या अशा परीक्षार्थींना साखरेच्या गोळ्या, फळ, पाणी जवळ ठेवायला परवानगी दिली. ती पुडी खेड्यातल्या शाळेत घटक चाचणीलाही चालली पाहिजे.

मास्तरांवर आधीच कामांचा डोंगर आहे, हे खरंच. पण इथे त्यांना सुई टोचायची नाही. घाम ओळखायचा, पुडी खाऊ द्यायची आणि पोराला एकटं घरी पाठवायचं नाही. दुसरा आक्षेप आईचा असतो: मी आहे ना, तिच्या हाती कशाला? आईच्या मायेबद्दल शंका नाही, पण हळद काढणीला ती पहाटेच रानात जाते. आणि वय वाढलं म्हणून एका दिवसात सगळं पोरीवर सोपवणंही तितकंच वाईट. पालकांनी लवकर हात काढून घेतला की साखर बिघडते, हे जगभरच्या मधुमेहतज्ज्ञांना दिसलेलं आहे. आधी तिने बोट टोचून आकडा वहीत लिहावा, मग आईच्या डोळ्यांदेखत युनिट भरावेत, मग स्वतः घ्यावं. तरी संध्याकाळी कोणीतरी वही मागावी, रागवायला नव्हे, बघायला. ताटही वेगळं नको. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, बेताचा भात सगळ्यांनाच मानवतं, आणि चहातली साखर बापानेही कमी केली तर ती शिक्षा वाटत नाही. छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडाण’ संस्था अशा मुलांसाठी काम करते, म्हणजे मराठवाड्याला हे परकं नाही. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातही 2014पासून 10 ते 19 वयोगटासाठी असंसर्गजन्य आजारांचा विषय आहे. हिंगोलीत आता वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालंय. त्याच्या बाह्यरुग्ण विभागात किशोरांसाठी आठवड्यातला एक वार राखून ठेवायला हवा.

गरिबाघरी फ्रिज कुठला, असंही विचारतात. ओल्या वाळूत ठेवलेला मातीचा माठ बराच काळ भार उचलतो. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतल्या तापमानाचा माग ठेवून, ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संघटना आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी 25 ते 37 अंशांच्या चढउतारात चार आठवडे इन्सुलिन टिकतं हे 2021मध्ये दाखवलं. हिंगोलीचा मे त्याच्या वर जातो, म्हणून माठ हवाच. पण माठ घरात राहतो आणि दिवाळीनंतर घरच ऊसतोडीला निघतं. उचल कोयत्यावर मिळते, कोयता म्हणजे नवरा-बायको, म्हणून कारखान्याच्या हंगामाआधी पंधरा-सोळाव्या वर्षीच पोरींची लग्नं उरकली जातात. जिचा आजार लग्न मोडेल म्हणून लपवला, ती सासरच्या पालात कुपी कुठे ठेवणार, सुई कोणासमोर घेणार? लग्न अठराच्या आत नको हे कायदा सांगतोच. माझी मागणी आणखी एक आहे: फडावर जाणाऱ्या आरोग्यपथकाने गरोदर बाया आणि लहान लेकरं तपासताना या वयाच्या पोरींनाही बाजूला घेऊन विचारावं, आणि मुकादमाला ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर विचारावं.