पेट्रोल कुठे अडते?

गाडी वाटेत बंद पडली की बोनेट उघडायचे आणि पहिला पाना कार्बोरेटरला लावायचा, ही आपल्याकडच्या गॅरेजांची जुनी सवय आहे. कार्बोरेटर डोळ्यांसमोर असतो, त्याचे स्क्रू चटकन हाताला लागतात आणि तो खोलला की काहीतरी काम झाल्यासारखे गिऱ्हाइकाला दिसते. पण पेट्रोलची वाट मागच्या टाकीपासून सुरू होते, हे कुणी ध्यानात घेत नाही. आमची सारी नोकरी सरकारी मोटार वर्कशॉपात फिटर म्हणून गेली. आमच्या टेबलावर आलेल्या कार्बोरेटरांपैकी कितीतरी बिचारे निर्दोष असत. आपल्या घरांतली पुष्कळ मुले आयटीआय करून गॅरेजात लागतात आणि दोष गाडीचा असो की पेट्रोलचा, बोलणी त्यांनाच खावी लागतात. म्हणून कुटुंबाच्या पानावर हा पान्या-पकडीचा विषय घेत आहोत. गृहिणींनीही वाचावा, त्यांच्याही कामाचे पुढे थोडे आहे.

आमचा भाचा मुंबईत जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात आहे. तिथे एक एमजीए आली. दोन माणसांची, बुटकी, उघडी, लाल रंगाची स्पोर्ट्स गाडी. इंग्लंडात ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात अशा एक लाखाहून थोड्या जास्त गाड्या झाल्या. श्रीमंतांचे खेळणे, आपला काय संबंध, असे वाटेल. पण बोनेट उघडले आणि आम्हाला घरचेच माणूस भेटल्यासारखे झाले. सुरुवातीच्या एमजीएचे इंजिन १४८९ सीसीचे. आपल्या जुन्या ॲम्बॅसॅडरचेही तेच, एकाच खानदानातले. साहेबलोकांच्या ज्या पांढऱ्या गाड्यांखाली आम्ही आयुष्य काढले, त्यांची ही नटवी बहीण. फरक एवढाच की ॲम्बॅसॅडरला एक एसयू कार्बोरेटर, हिला दोन.

या एसयूची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. हर्बर्ट स्किनर हा लंडनच्या एका बूट-चपला विकणाऱ्या घराण्यातला माणूस. १९०४ साली त्याने हा कार्बोरेटर शोधला आणि धाकटा भाऊ कार्ल त्याच्या मदतीला आला. आज जिथे धातूचा पिस्टन आहे, तिथे तेव्हा चामड्याचा भाता होता. पहिला भाता हर्बर्टच्या बायकोने हाताने शिवला, ही आठवण त्यांच्या मुलाने सांगितली आहे. १९३४ मध्ये तो लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये मांडला गेला होता. मोटारीच्या इतिहासात या शिवणकामाला दोन ओळींची जागा मिळते. चामड्याच्या कामाला नाक मुरडणाऱ्यांना हे कुणीतरी वाचून दाखवावे. असो.

एमजीएचे दुखणे असे. सकाळी एका चावीत सुरू होई, उभी असताना गोड चाले. आठ-दहा किलोमीटर जोरात पळाली की झटके मारी आणि बंद पडे. पाच मिनिटे थांबले की पुन्हा सुरू. भाच्याने महिन्यापूर्वी दोन्ही कार्बोरेटर खोलून साफ करून बसवले होते. मालकाने शेठला सांगितले की पोराने कार्बोरेटर बिघडवले. परदेशातून नवीन जोडी मागवायची आणि तिचा खर्च पोराच्या पगारातून महिन्याला तीन हजार कापून वसूल करायचा, असे शेठने ठरवले. भाच्याच्या घरी म्हातारी आई, धाकटी बहीण कॉलेजात. त्याने आम्हाला फोन केला, "मामा, तुम्ही एकदा येऊन बघा. माझं चुकलं असेल तर मी भरीन. पण चुकलंय का, ते तरी कळू दे."

आम्ही गेलो ते रविवारी. पानाच उचलायचा नाही, हे आधी ठरवले. कार्बोरेटरात फ्लोट चेंबर असते, ते म्हणजे आपल्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉकच. पेट्रोल वर आले की फ्लोट नीडलला दाबून वाट बंद करतो, उतरले की उघडतो. चाळीतले पिंप भरलेले असले आणि नळाला करंगळीएवढी धार असली तरी एक तांब्या घेताना कळत नाही. दोन बायका बादल्या घेऊन बसल्या की पिंप रिकामे! गाडी उभी असताना तांब्याचे काम, पळताना बादल्यांचे. म्हणून आम्हाला वाटले, दोष पिंपात नसून धारेत असावा. वाटण्यावर पगार वाचत नाही, पुरावा हवा. भाच्याला वही काढायला लावली.

भल्या पहाटे, हवा गार असताना गाडी पळवली. तरीही बंद पडली. म्हणजे उन्हाने पेट्रोलची वाफ होऊन अडते, हा तर्क बराचसा मागे पडला. लगेच टाकीचे झाकण उघडले. झाकणाचे बारीक छिद्र बुजले की टाकीत हवा शिरत नाही आणि झाकण उघडताच सुस्कारा ऐकू येतो. इथे सुस्कारा नव्हता. मग चावी चालू करून मागे पंपाला कान लावला. या गाडीचा पंप विजेचा, मागच्या बाजूला बसवलेला, टिकटिक करणारा. फ्लोट चेंबर भरले की टिकटिक थांबते, रिकामे झाले की जोरात चालते. आमच्या गाडीचे चेंबर जवळजवळ कोरडे आणि पंप मात्र सावकाश, दहा सेकंदांनी एखादी टिक देत होता. याचा अर्थ पंप ढकलतो आहे, पण पुढे वाट नाही. कुठून हवा शिरत असती, तर तो धडपडत टिकटिकत राहिला असता.

गॅरेजात येऊन इंजिन पूर्ण गार होऊ दिले. इंजिनापाशी लोखंडी नळी संपते आणि तिथून रबरी नळी कार्बोरेटरकडे जाते. लोखंडी नळीच्या तोंडाशी बाटली धरली. मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास, जाड धार. रबरी नळी जोडून तिच्या दुसऱ्या टोकाशी बाटली धरली, तर दोऱ्यासारखी धार! नळी वरून नवी कोरी, विणीचे जाळीदार आवरण असलेली. उभी चिरली तेव्हा आतले रबर फुगलेले आणि एका बाजूने सालपटासारखे सुटलेले दिसले. ही नळी मालकाने हौसेने 'ओरिजिनल' म्हणून स्वतः आणून दिली होती. भाच्याच्या वहीत तारखेसह नोंद होती.

रबर का फुगले? आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. वीस टक्के मिश्रण २०२३ च्या फेब्रुवारीत निवडक पंपांवर सुरू झाले आणि २०२५ पर्यंत देशभर पोहोचले. नव्या गाड्या त्या हिशेबाने बनतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या गाडीचे रबर, बुचाच्या वॉशरी, टाकीचा पत्रा यांनी इथेनॉल कधी पाहिलेच नव्हते. ते पाणीही ओढून घेते. गाडी पावसाळाभर उभी राहिली की टाकी आतून गंजते आणि तो गंज पुढे येतो. अशा गाडीला इथेनॉल सोसणारीच नळी घ्यावी, तीही आतून पाहून.

नळी बदलली. गाडी चाळीस किलोमीटर न थांबता धावली. मग मात्र कार्बोरेटरला हात लावला, कारण इथेनॉलच्या पेट्रोलला हवेच्या मानाने पेट्रोल थोडे जास्त लागते. पिस्टन पिनने जरासा, एक मिलिमीटरहून कमी उचलून पाहिला. इंजिन लगेच दबून बंद पडू लागले, म्हणजे मिश्रण पातळ. जेटखालचा षटकोनी नट दोन्हीकडे एकेक बाजू खाली फिरवला, आता उचलल्यावर इंजिन क्षणभर किंचित वाढून स्थिर होते. पिस्टन सोडला की 'टक्' असा स्वच्छ आवाज येतो. भाच्याचे काम चोख होते.

एक गोष्ट मात्र आम्ही त्याला रागावून सांगितली. या इंजिनात कार्बोरेटरच्या खालीच तापलेला एक्झॉस्ट असतो. जेटच्या बुचाच्या वॉशरीतून ठिपकणारे पेट्रोल म्हणजे पेटायला वेळ नाही. नळी सोडताना वाळूची बादली आणि फायर एक्स्टिंग्विशर जवळ हवाच, विडी-सिगारेट कुणाचीही चालणार नाही, मग तो शेठ का असेना. गॅरेजातली पोरे नळीला तोंड लावून पेट्रोल ओढतात, त्यातला घोट फुप्फुसात गेला तर जीव जाऊ शकतो. कुणी पेट्रोल गिळले तर उलटी करवू नये, तडक दवाखान्यात न्यावे. पेट्रोलने हात धुणेही सोडावे. आणि आयाबहिणींनो, पेट्रोलचे डाग पडलेले कपडे स्वयंपाकघरात, शेगडीजवळ टांगू नका. आधी बाहेर वाऱ्यावर सुकवा, मग वेगळे धुवा.

शेठला चिरलेली नळी, दोन्ही बाटल्या आणि वही दाखवली. तो बराच वेळ नळीत बोट घालून पाहत राहिला. पगार कापला गेला नाही. मालकाने बिलाबद्दल थोडी कुरकुर केली, पण दिले. भाच्याने ते नळीचे तुकडे टाकले नाहीत. गॅरेजात त्याच्या हत्यारांच्या पेटीवर तारेने बांधून ठेवले आहेत, आणि नवीन लागलेल्या पोराला तो आधी पंपाची टिकटिक ऐकायला बसवतो.