पाली ते फ्लॉरेन्स : एका प्रवासाचं देणं

राजगडाच्या पायथ्याला आमचं पाली गाव. मार्गासनी, साखर, वाजेघर मागे टाकलं की आमची घरं लागतात आणि तिथूनच पाली दरवाज्याची वाट गडावर चढते. या गावातली मी, पुण्यात वास्तुशास्त्र शिकत असताना वर्गाबरोबर रोम, फ्लॉरेन्स आणि लुक्का पाहून आले. त्या प्रवासात माझं कर्तृत्व थोडं होतं. बाकी सगळं लोकांचं देणं.

पहिलं देणं आजीचं. सुट्टीच्या दिवशी ती ताकाची किटली आणि लिंबं घेऊन पाली दरवाज्याच्या वाटेवर बसायची. त्या ताकाचे पैसे तिनं माझ्या हातावर ठेवले. काका गवंडीकाम करतात. त्यांनी ठेकेदाराकडून उचल घेतली. तरीही रक्कम भरेना, तेव्हा कर्ज काढलं आणि आमचे सर स्वतः जामीन राहिले. वर्गातल्या मैत्रिणीनं स्वतःचा थंडीचा कोट दिला आणि तो परत मागितला नाही.

पैशापेक्षाही मोठं काही काकांनी आधीच देऊन ठेवलं होतं. लहानपणी ते मला राजगडाच्या संजीवनी माचीवर न्यायचे. तिथं तट दुहेरी आहे. दोन भिंतींच्या मधल्या अरुंद जागेत पायऱ्यांनी उतरता येतं. काका दगडावर हात ठेवून सांगायचे, ‘‘भिंत कशी उभी राहिली ते सांध्यात दिसतं. आधी सांधा बघायचा.’’

फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट ब्रुनेलेस्कीनं 1420 ते 1436 या काळात उभारला. तोही दुहेरी आहे. आत एक कवच, बाहेर दुसरं, आणि वर जाणारी वाट त्या दोहोंच्या मधून चढते. त्या चिंचोळ्या वाटेवर माझा हात आपोआप भिंतीकडे गेला. विटांच्या आडव्या थरांत मधूनमधून उभ्या विटा बसवल्या होत्या, माशाच्या काट्यासारख्या तिरक्या रांगांत. चुना ओला असताना आतल्या बाजूला कललेली वीट घसरू नये म्हणून केलेली ती अडवणूक. म्हणूनच एवढा घुमट खालून सेंट्रिंग न लावता पुरा झाला. सरांनी विचारलं तेव्हा मी हे सांगितलं आणि त्यांनी सगळ्या वर्गाला थांबवून ते पुन्हा सांगायला लावलं. त्या उत्तरातला प्रत्येक शब्द काकांचा होता.

दुसऱ्या दिवशी सर आम्हाला कॅशिने उद्यानाच्या टोकाला घेऊन गेले. तिथं आर्नो आणि मुन्योने या नद्यांचा संगम आहे. काठावर एक छत्री आहे आणि तिच्याखाली फेटा बांधलेल्या तरुणाचा अर्धपुतळा. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी ते फ्लॉरेन्समध्ये वारले, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी. परक्या शहरानं दहनाला परवानगी दिली आणि संगमावर हिंदू रीतीनं त्यांचे अंत्यसंस्कार झाले. पुढे स्मारक झालं. जवळच्या पुलालाही लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. शिवाजी महाराजांचे पुत्र राजाराम महाराज 1670 साली आमच्या राजगडावर जन्मले. त्यांचंच नाव घेऊन, त्यांच्याच घराण्याच्या गादीवर दत्तक आलेला हा तरुण दोनशे वर्षांनी तिथं विसावला होता. त्या शहराचे उपकार मला घरच्यासारखे वाटले. आम्ही सगळ्यांनी तिथं हात जोडले.

परत आल्यावर आजीनं एकच विचारलं, ‘‘तिथं पाणी कुठनं येतं गं?’’ गडावर हंडा वाहिलेल्या बाईचा प्रश्न होता तो. मी तिला रोममधल्या अग्रिप्पाच्या जलवाहिनीबद्दल सांगितलं. इसवी सनापूर्वी 19 मध्ये ती बांधली, पुढे पुन्हा दुरुस्त केली, आणि त्रेवीच्या कारंज्याला आजही तिचंच पाणी आहे. आजी म्हणाली, ‘‘म्हंजे बांधणाऱ्यानं पुढच्यांची तहान वळखली.’’ राजगडावरचा पद्मावती तलाव आणि तिथली टाकी मी तिच्या त्या वाक्यामुळे पहिल्यांदा नीट पाहिली.

जुलै 2025 मध्ये राजगडासह मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. आता दूरदेशीचे विद्यार्थीही आमच्या वाटेनं येतील. मी आज शिकवते. माझे विद्यार्थी पालीत मुक्कामाला येतात, घराघरांत जेवतात. काका त्यांना सांधा बघायला शिकवतात आणि मी त्यांना पाण्याचा माग काढायला लावते.

आजी, काका, सर यांना मी काय परत करणार? त्यांनी कधी हिशेब ठेवला नाही. पण आमच्या मावळातलं एखादं पोर असं दूर शिकायला निघालं आणि पैशासाठी अडलं, तर त्याला जामीन राहायला मी आहे.