जुन्या स्कूटरचे खाते

आपल्या व्यापारी घरांत एखादी वस्तू मोडीत काढण्यापूर्वी तिचे खाते पाहण्याची रीत आहे. ती किती पैशांत आली, तिने किती वर्षे काम दिले, तिच्यावर दरवर्षी काय खर्च झाला आणि आज तिच्या जागी दुसरी आणली तर काय पडेल, या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून निर्णय होत नाही. आमच्या घरात सध्या असाच एक निर्णय खोळंबला आहे. बाबूजींनी १९८१ साली यवतमाळात घेतलेल्या बजाज चेतक स्कूटरच्या नोंदणीची मुदत यंदा संपते. धाकट्या भावाचे म्हणणे, आता तिला निरोप द्यावा. पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याचे म्हणणे अगदी उलट: "काकाजी, ही तर विकू नकाच, मलाही अशीच एक जुनी शोधून द्या." दोघांनाही उत्तर देणे आवश्यक असल्याने हे खाते मांडतो आहे.

चेतकचे नाव मेवाडच्या इतिहासातले असले तरी तिचे माहेर इटलीत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर विमाने बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीला नवे काम हवे होते. विमानविद्येतील अभियंता कोराडिनो द'आस्कानिओ यांनी १९४६ मध्ये तिच्यासाठी वेस्पा घडवली. वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. पुढच्याच वर्षी मिलानच्या इनोचेंती कंपनीची लॅम्ब्रेटा आली. दोघीही लवकरच भारतात पोहोचल्या. लॅम्ब्रेटा मुंबईत तयार होऊ लागली आणि वेस्पा बजाजांकडे आली. त्यांच्या मूळ पेढीला ज्या सेठ बच्छराजांचे नाव होते, ते आपल्या शेजारच्या वर्ध्याचे, याचे आम्हा वऱ्हाडातील व्यापाऱ्यांना नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. पियाजिओबरोबरचा करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून तेच यंत्र चेतक या नावाने धावू लागले. त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे वापरलेली स्कूटर कमी दर्जाची समजण्याची पद्धत नव्हती. हाती पडली की लोक पेढे वाटत.

ही स्कूटर इतकी टिकली, त्याचे रहस्य तिच्या रचनेत आहे. तिला साखळी नाही; इंजिन मागच्या चाकालगत बसवलेले असून गिअरमधून थेट चाक फिरवते. वेगळा सांगाडा नाही. पोलादी पत्र्याचे अंग हाच सांगाडा. चाक एकाच बाजूने धरलेले असल्याने पंक्चर झाल्यास मोटारीप्रमाणे नट सोडून जादा चाक लावता येते. टू-स्ट्रोक इंजिनात झडपांचा पसारा नाही, म्हणून बिघडणारे भागही मोजकेच. मात्र साधेपणाला एक अट आहे: लक्ष थोडे द्यावे लागते, पण ते नियमाने द्यावे लागते.

पेट्रोलात दर लिटरमागे वीस मिलिलिटर टू-टी तेल, हा पहिला नियम. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होतो. जास्त झाले तर प्लग आणि सायलेन्सर काजळीने भरतात. प्लग काढून पाहिला की इंजिनाची प्रकृती कळते: विटकरी रंग असेल तर सर्व ठीक, काळा ओला असेल तर तेल किंवा पेट्रोल अधिक, पांढरट असेल तर इंजिन फाजील तापते आहे. इंजिनाचे ऑइल सील म्हातारे झाले की त्यातून हवा ओढली जाते, मिश्रण पातळ होते आणि तापून नुकसान होते. किमतीने किरकोळ असलेले हे सील वेळीच बदलले तर मोठा खर्च वाचतो. अलीकडे पेट्रोलात इथेनॉल आले आहे आणि ते हवेतील ओलावा शोषते. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे.

आमच्या जिल्ह्याची एक वेगळी अडचण आहे. या इंजिनाला पंख्याच्या वाऱ्याने थंडावा मिळतो. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात उडणारी रुई पंख्याच्या जाळीत आणि इंजिनाच्या पात्यांत अडकते. त्यामुळे बाबूजी हंगामात दर रविवारी दात घासण्याच्या जुन्या ब्रशने ती काढत. यवतमाळचा वैशाख ज्यांनी भोगला आहे, त्यांना हा ब्रश किती मोलाचा ते सांगावे लागणार नाही.

आता पुतण्याच्या मागणीविषयी. आज मोठ्या शहरांत जुन्या वेस्पा, लॅम्ब्रेटा चकचकीत रंगात विकायला असतात. कापसाची गाडी घेताना आपण वरचा थर पाहून भाव करत नाही. हात खोल घालून मूठभर कापूस बाहेर काढतो. इथेही तेच करावे. पायाखालची पाटी उचलून पत्रा गंजला आहे की नुसता लांबी भरून रंगवला आहे, ते पाहावे. इंजिन आणि चासी यांचे क्रमांक कागदाशी ताडावेत. गाडी थंड असतानाच चालू करायला सांगावी, कारण तापलेले इंजिन अनेक दोष झाकते. सुरुवातीचा धूर साहजिक आहे. पण दाट पांढरा धूर येतच राहिला, तर गिअरचे तेल सीलमधून इंजिनात जात असण्याची शंका घ्यावी. रंगाचे पैसे देऊ नयेत, पत्र्याचे आणि कागदाचे द्यावेत.

या खात्यात खर्चाची बाजूही प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे. टू-स्ट्रोक इंजिनात काही पेट्रोल न जळताच बाहेर जाते. प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर अशी इंजिने मागे पडली, ते योग्यच झाले. २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बनवणेच थांबवण्याचे ठरवले आणि २०२० मध्ये चेतक हे नाव परतले ते विजेवर चालणाऱ्या गाडीवर. रोजच्या ये-जा करण्यासाठी कोणी सल्ला विचारला, तर मी जुनी घ्या असे सांगणार नाही. ती आठवड्यातून एक-दोन फेऱ्यांसाठी ठीक आहे.

सुटे भाग अजून मिळतात, नकलीही पुष्कळ असतात. खरी टंचाई आहे ती हातांची. आमची गाडी सांभाळणाऱ्या मिस्त्रींनी सत्तरी ओलांडली आहे. आवाज ऐकून ते पॉइंटचे अंतर सांगतात. त्यांच्या हाताखाली आज एकही मुलगा शिकत नाही, कारण नव्या गाड्यांत हे ज्ञान लागत नाही. त्यांचे दुकान बंद होईल, त्या दिवशी जिल्ह्यातल्या कितीतरी स्कूटरी चांगल्या स्थितीत असूनही निकामी ठरतील. यंत्राचे आयुष्य पोलादावर जितके अवलंबून असते, तितकेच ते दुरुस्त करणाऱ्यावर असते. व्यापारात पेढी टिकते ती भिंतींमुळे नव्हे, पुढच्या पिढीने वही वाचायला शिकल्यामुळे. तसेच हे आहे.

खासगी वाहनाला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते, वर पर्यावरण कर. आणखी पाच वर्षांनी आमची चेतक पन्नाशी गाठेल आणि २०२१ च्या नियमांनुसार मूळ स्वरूपात असल्यास व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल. पण तशी नोंद घेतल्यावर ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शने आणि फेऱ्या यांपुरतीच उरते. तिला मान मिळेल, पण बाजार सुटेल. म्हणजे कामाची गाडी म्हणून तिची ही पाचच वर्षे शिल्लक आहेत, असे मी धरतो.

भावाला मी हे सर्व आकड्यांसह दाखवले. नुसत्या पैशांत पाहता त्याचे म्हणणे खोटे नाही. तरीही नूतनीकरण करण्याचे ठरवले आहे, एका अटीवर. पुतण्याने दिवाळीच्या सुटीत आठ दिवस मिस्त्रींच्या दुकानात बसायचे. प्लग, पॉइंट, केबल, क्लच आणि सील ही पाच कामे स्वतःच्या हाताने शिकायची आणि मिस्त्रींना त्याबद्दल रीतसर दक्षिणा द्यायची. शिकला तर गाडी त्याच्या नावावर होईल, दुसरी शोधण्याचे कारणच उरणार नाही. न शिकल्यास ती ज्याला हे काम येते, त्याला योग्य भावात देऊन टाकू. मिस्त्रींनी होकार दिला आहे. पुतण्याने सुटीचा अर्ज केल्याचे कालच कळवले.