उन्हाचं गणित

नागपुरात उन्हाशी आमचं नातं महिन्यावर ठरतं. मे महिन्यात पारा ४५ कडे सरकला की तोंडाला दुपट्टा बांधून आम्ही सावली शोधत पळतो. डिसेंबरात तेच आम्ही गच्चीवर ऊन सरकेल तशी चटई सरकवतो.

२०२०च्या जूनमध्ये मी घरात अडकलो होतो. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, परीक्षेचा पत्ता नाही, हातात ऑफर लेटर पण जॉइनिंगची तारीख नाही. पडदे ओढून, कूलर लावून दिवसभर मेल रिफ्रेश करायचो. बाबा दारात येऊन विचारायचे, "काहून बसला रे अंधारात?"

त्याच दिवसांत बुलढाण्याचं लोणार सरोवर गुलाबी झाल्याचे फोटो फोनवर आले. विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. पाण्याचे नमुने आमच्या नागपूरच्या नीरीत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पोचले. आघारकरच्या संशोधकांनी उत्तर दिलं: हॅलोआर्किया, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. पाणी स्थिर ठेवलं की ते तळाशी बसायचे आणि वरचं पाणी नितळ व्हायचं. गुलाबी रंग पाण्याचा नव्हताच, त्यांचा होता. कडक उन्हापासून वाचवणारं रंगद्रव्य. थोडक्यात, त्यांचा दुपट्टा.

रिकामाच होतो, वाचत गेलो. या कुळात सर्वांत जास्त अभ्यास झालाय तो हॅलोबॅक्टेरियम सॅलिनॅरमचा. त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही. पण त्याच्या आवरणात प्रकाश ओळखणारी प्रथिनं आहेत आणि त्यांत रेटिनल नावाचा रेणू असतो. आपल्या डोळ्यांतही हाच रेणू काम करतो. ऑक्सिजन भरपूर असला की हा जीव निळसर हिरव्या प्रकाशापासून दूर पळतो. ऑक्सिजन कमी पडला की वेगळी प्रथिनं बनवतो आणि नारिंगी प्रकाशाकडे जातो. १९७१ मध्ये शोध लागलेलं बॅक्टेरिओरोडॉप्सिन तेव्हा प्रकाशाच्या जोरावर प्रोटॉन बाहेर ढकलतं आणि पेशीला ऊर्जा मिळवून देतं. ऊन तेच, गरज बदलली.

पण उजेड कुठल्या दिशेला आहे, हे त्याला कळतच नाही. आत्ताचा उजेड काही क्षणांपूर्वीपेक्षा बरा आहे की वाईट, एवढंच कळतं. बरा असेल तर पोहत राहायचं, वाईट झाला की उलटं फिरायचं. दोन व्हॅल्यूंची तुलना आणि एक इफ-एल्स. बस्स.

आणि मी मात्र तारीख, शहर, पगार सगळं कळल्याशिवाय जागचा हलायला तयार नव्हतो.

त्या रात्री मेल बंद केला आणि पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. स्क्रीनवर शंभर ठिपके, प्रत्येकाला हाच एक नियम. ते भरकटले, उलटे फिरले, पुन्हा भरकटले आणि हळूहळू उजेडाच्या पट्ट्यात गोळा झाले. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच मी काहीतरी पूर्ण केलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांना दाखवलं. चष्मा वर सारून ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "यातला तू कोणता?"

कडेला एक ठिपका अजून मागेपुढे करत होता. मी त्याच्यावर बोट ठेवलं.

बाबा काही बोलले नाहीत. जाताना तेवढा पडदा बाजूला सारून गेले.