एकोणिसावा

आमच्या वडूजच्या शाळेत शर्यती झाल्या, की मी पहिल्या तिघांचीच नावे वाचून दाखवीत असे. परवा एक पोर मुकाट्याने दप्तर उचलून निघाले. येरळेच्या काठी त्याला गाठले.

“कितवा आलास रे?”

“एकोणिसावा, गुरुजी.” मान खालीच!

मग त्याला १९२० सालची गोष्ट सांगितली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावत. ती पाहून दोराबजी टाटांनी खटपट केली आणि महायुद्धातून नुकत्याच उठलेल्या अँटवर्पला, ऑलिंपिकसाठी, आपले गडी गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनमध्ये बेचाळीस किलोमीटरांहून अधिक धावले!

“पहिले आले?”

“एकोणिसावे.”

पोर खुदकन हसले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी सगळी यादी वाचली. मुले कंटाळली खरी!