रोक्का एष्ट बंतु?

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. अण्णांची मराठी आणि अव्वाची कन्नड. अण्णांना जाऊन आता तीन वर्षं होतील, तरी हे वाक्य भूतकाळात लिहायला हात धजत नाही. अण्णा हायस्कूलमध्ये ड्रॉइंग मास्तर होते. शाळेत मुलांकडून फुलदाण्या काढून घ्यायच्या हे पोटापाण्याचं काम, आणि रविवारी सायकलला बोर्ड बांधून बाहेर पडायचं हे वेड. दुपारी जेवायला परत यायचे ते एखादं ताजं जलरंगातलं चित्र घेऊनच. कधी खानापूरचा बाजार, कधी मलप्रभेचा घाट. अव्वा पदराला हात पुसत बाहेर यायची आणि "भाळ छंद ऐती" एवढंच म्हणायची.

आठ-पंधरा दिवसांत ते चित्र घरातून नाहीसं व्हायचं. कुणाच्या लग्नात आहेर म्हणून, कुणाच्या वास्तुशांतीला, कुणा हेडमास्तरांच्या निरोप समारंभाला. अण्णा रिकाम्या हातांनी घरी आले की अव्वाचा प्रश्न ठरलेला असायचा, "रोक्का एष्ट बंतु?"

अण्णा हसायचे. "अगं, कलेचे कसले पैसे घ्यायचे?"

अव्वा गप्प आत जायची. कॅम्लिनच्या ट्यूबा आणि जाड कागद भाजीच्या पैशांतून वाचवून ती आणायची, हे आम्हा मुलांना माहीत होतं. तरीही आम्ही मनानं अण्णांच्याच बाजूचे. अव्वाचा तो प्रश्न आम्हाला कोता वाटायचा. कला आणि पैसा यांचा संबंध जोडणं म्हणजे पाप, असंच आम्ही धरून चाललो होतो. मीही पुढं कॉलेजात शिकवायला लागल्यावर वर्गात हेच सांगत आले.

अण्णांचं एक प्रदर्शन मला आठवतं. चार चित्रकार मित्रांनी मिळून आपल्याच गावात भरवलं होतं. गावातले एक डॉक्टर एका चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि अण्णांना म्हणाले, "मास्तर, हे मला पाहिजे. काय द्यायचं सांगा." अण्णा इतके ओशाळले, की जणू कुणी त्यांची चोरी पकडली. "तुम्हाला आवडलं, यातच सगळं आलं की. घेऊन जावा," असं म्हणून त्यांनी ते चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून हातात ठेवलं. डॉक्टरही संकोचले. त्या दिवशी घरी आल्यावर अव्वानं प्रश्नही विचारला नाही.

अण्णा गेल्यावर वर्षभरानं मी निपाणीला आत्तेबहिणीकडे गेले होते. तिच्या लग्नात अण्णांनी ‘लोंढा स्टेशनवरचा पाऊस’ हे चित्र दिलं होतं. रुळांवर साठलेलं पाणी, भिजलेला सिग्नल आणि छत्री मिटून गाडीची वाट बघणारी एक बाई. माझ्या मते ते अण्णांचं सगळ्यात चांगलं चित्र. "कुठं लावलंयस गं?" म्हणून विचारलं तर ती आठवू लागली. मग पोटमाळ्यावर चढली. तांदळाच्या पिंपामागून एक गुंडाळी निघाली. एका कोपऱ्याला वाळवी लागली होती आणि आभाळावर बुरशीचे ठिपके उठले होते.

"आणि फ्रेम?" मी विचारलं.

"ती चांगली होती की. त्यात यल्लम्माची तसबीर बसवून घेतली," ती सहज म्हणाली. देवघरात पाहिलं तर खरंच, अण्णांनी खडेबाजारातून पैसे मोजून करून घेतलेली ती शिसवी रंगाची फ्रेम. तिच्यावर मी का रागवावं? तिच्या मनात काहीच वाईट नव्हतं. फ्रेमेला किंमत होती, ती सगळ्यांना दिसत होती. चित्र फुकट आलेलं होतं. ‘फुकट ते पौष्टिक’ असं आपण म्हणतो खरं, पण फुकट आलेलं टिकत नाही हेही तेवढंच खरं. ती गुंडाळी मांडीवर घेऊन मी बसमधून परत आले आणि वाटेत पहिल्यांदाच मला अव्वाचा प्रश्न नीट ऐकू आला.

पुढच्या हिवाळ्यात उजळणी वर्गासाठी मुंबईला तीन आठवडे जाणं झालं. एका शनिवारी दुपारी फोर्टात भटकत असताना एका आर्ट गॅलरीची पाटी दिसली. जहांगीर आर्ट गॅलरी मला माहीत होती. १९५२ साली सुरू झालेल्या त्या वास्तूत चित्रकार भाडं भरून दालन घेतात आणि आपली चित्रं आपण मांडतात. ही तशी नव्हती. ही धंद्याची गॅलरी, म्हणजे चित्रं विकणं हाच जिचा व्यवसाय. काचेचं दार, आत गार हवा, पांढऱ्याशुभ्र भिंती. दारात मी पाच मिनिटं घुटमळले. तिकीट असेल का? काही घेतलं नाही तर बाहेर घालवतील का? हातात भाजीची असावी तशी कापडी पिशवी. शेवटी वॉचमननंच दार उघडून "जा की ताई, फ्री आहे," म्हटलं.

एका तरुण चित्रकर्तीचं प्रदर्शन होतं. सरकारी कचेऱ्यांतल्या रिकाम्या खोल्या तिनं रंगवल्या होत्या. फायलींचे गठ्ठे, तुटक्या हाताची खुर्ची, खिडकीतून टेबलावर पडलेलं ऊन. अख्ख्या भिंतीवर दोनच चित्रं, त्यामुळं नजर कुठं पळायला जागा नाही. बघता बघता मला आमच्या कॉलेजचं जुनं ऑफिस आठवलं. ही चित्रं आपल्याला कळणार नाहीत, हे दडपण कधी उतरलं ते समजलंही नाही.

चित्रांशेजारी किमती नव्हत्या. कोपऱ्यात टेबलाशी बसलेल्या मुलीला धीर करून विचारलं. तिनं एक छापील कागद पुढं केला. आकडे लाखांत होते, ते वाचून मी मनातल्या मनात हसले. पण माझी नजर खिळली ती आकड्यांवर नाही. प्रत्येक चित्रापुढं क्रमांक, नाव, साल, माध्यम, लांबी-रुंदी असं सगळं ओळीनं लिहिलेलं होतं. एका ओळीपुढं लाल टिकली होती. ते चित्र विकलं गेलं होतं.

अण्णांच्या एकाही चित्राची अशी एक ओळ कुठं लिहिलेली नाही. किती चित्रं काढली, कुणाला दिली, कुठं आहेत, काही नाही.

त्या मुलीला मी खूप प्रश्न विचारले. तिनंही न कंटाळता उत्तरं दिली. चित्र विकलं की गॅलरी आपला वाटा घेते. तो तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंतही असू शकतो. ऐकून मी दचकले. ती म्हणाली, "मॅडम, दालन, कॅटलॉग, फ्रेमा, विमा, उद्घाटन, सगळं आमच्याकडे. एकही चित्र गेलं नाही तर ते नुकसानही आमचंच. आणि विकलेलं चित्र कुणाकडे आहे याची नोंद आम्ही ठेवतो. उद्या मोठं प्रदर्शन करायचं झालं तर ती चित्रं परत मागवता येतात." हे शेवटचं वाक्य मला पिंपामागच्या गुंडाळीपाशी घेऊन गेलं.

परतल्यावर मी या विषयाचं मिळेल ते वाचू लागले. मुंबईतली गॅलरी केमोल्ड ही देशातल्या जुन्या खासगी गॅलऱ्यांपैकी एक. तिचं मूळ चक्क फ्रेमेच्या धंद्यात आहे. केकू गांधी यांनी १९४० च्या दशकात फ्रेमा करण्याचा कारखाना काढला आणि आपल्या दुकानात ते नव्या चित्रकारांची चित्रं लावू लागले. पुढं १९६३ साली केकू आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी सुरू केली. २००७ साली ती फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडवर गेली. पंडोल गॅलरीही १९६३ चीच. त्या काळात नव्या चित्रांना गिऱ्हाईक ते कितीसं? तरी ही माणसं आपल्या खिशातले पैसे घालून त्या चित्रांच्या मागं उभी राहिली. फ्रेमेच्या आतल्यालाही किंमत आहे, हे त्यांनी लोकांना दाखवून दिलं. आमच्या निपाणीच्या घरात घडलं ते याच्या नेमकं उलटं.

"मी काय, नोकरी करणारा मास्तर," असं अण्णा नेहमी म्हणत. पण भूपेन खख्खर बडोद्यात एका कारखान्याचे हिशेब बघत होते. सुधीर पटवर्धन ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत होते आणि गिव्ह पटेल मुंबईत दवाखाना चालवत होते. या तिघांनीही नोकरी-व्यवसाय सांभाळून चित्रं काढली, ती गॅलऱ्यांत मांडली आणि त्यांना किंमत लावली. त्यानं त्यांची कला काही बाटली नाही. आपल्या बेळगावातच १९३५ साली जन्मलेले, के. बी. कुलकर्णींचे शिष्य रवी परांजपे यांनीही जाहिरातींसाठी केलेल्या चित्रांवर नाव आणि चरितार्थ दोन्ही मिळवलं. अव्वाला मी के. के. हेब्बारांची गोष्ट सांगितली. उडुपीजवळच्या कट्टिंगेरीतून मुंबईला आलेला मुलगा, जे. जे. स्कूलमध्ये शिकला, तिथंच शिकवू लागला आणि १९८९ साली पद्मभूषण झाला. अव्वा लगेच म्हणाली, "नम्मवरु!" मग थोडं थांबून, "अवरु रोक्का तगोतिद्रल्ला?" ते पैसे घेत होते ना, एवढंच तिला खात्री करून घ्यायचं होतं.

बाजाराची दुसरी बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. वासुदेव गायतोंडे दिल्लीत निजामुद्दीनला गच्चीवरच्या एका खोलीत राहिले आणि २००१ साली गेले. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींवर गेलं. त्यातलं त्यांना काय मिळालं? लिलावातला पैसा चित्र विकणाऱ्या मालकाचा, चित्रकाराचा नव्हे. वर्तमानपत्रात मात्र तेवढाच आकडा येतो आणि आपण समजतो की चित्र म्हणजे कोट्यधीशांचा खेळ. चित्रकार जिवंत असताना, त्याचं चित्र पहिल्यांदा विकलं जात असताना दिलेले चार-पाच हजार रुपये मला त्या कोटींपेक्षा मोलाचे वाटतात. ते थेट पुढच्या कागदात आणि रंगात जातात. मोठ्या शहरातल्या गॅलऱ्या हे काम मोठ्या प्रमाणावर करतात. आपल्या गावात तशी सोय नसेल, तर ते आपणच करायला हवं.

या उन्हाळ्याच्या सुट्टीत अव्वा आणि मी पलंगाखालच्या ट्रंका उघडल्या. घरात उरलेली एकोणचाळीस चित्रं निघाली. एक लांब वही घेतली आणि रकाने आखले. मी टेपनं मापं घेत होते आणि अव्वा नावं सांगत होती. अण्णांनी न लिहिलेली सालं तिच्या तोंडपाठ. एका बैलगाडीच्या चित्रावर बोट ठेवून म्हणाली, "इदु नी हुट्टिद वर्ष." दुसऱ्या एकावर, "ही तुझ्या काकाच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यातली. त्या दिवशी रॉकेल नव्हतं घरात." चित्रांची यादी करता करता तिच्या संसाराचीच यादी झाली. मी चित्रांकडे पाहत होते, आणि ती त्यांच्यामागं खर्च झालेल्या वर्षांकडे.

किमतीचा रकाना मात्र रिकामाच राहिला. काय लिहावं ते दोघींनाही सुचेना.

मागच्या महिन्यात माझ्या एका सहकारी प्राध्यापकांनी घरी आल्यावर खानापूरच्या बाजाराचं चित्र पाहिलं. "हे मला देता का? किती द्यायचे?" त्यांनी विचारलं. जिभेवर अण्णांचंच वाक्य आलं होतं, घेऊन जावा की. मी आवंढा गिळला आणि म्हटलं, "साडेतीन हजार." माझे कान तापले. त्यांनी काही न बोलता पैसे काढले. वर "पावती असू दे," म्हणाले. चित्राचं नाव, साल, माप लिहून मी पावती दिली. वहीत त्यांचं नाव लिहिलं. त्यांच्या बैठकीच्या खोलीत ते चित्र आता नीट टांगलेलं आहे, मी परवाच पाहून आले.

ते गेल्यावर अव्वा आतून आली. भिंतीवरची रिकामी जागा तिनं पाहिली आणि सवयीनंच विचारलं, "रोक्का एष्ट बंतु?"

मी नोटा तिच्या हातात ठेवल्या. तिनं त्या मोजल्या नाहीत. अण्णांच्या फोटोसमोर थोडा वेळ ठेवल्या आणि मग म्हणाली, "यातून लोंढ्याच्या पावसाला फ्रेम करून आण. ते विकायचं नाही."