आईचे माहेर नकाशावर

इंदूरच्या आमच्या घरात समुद्राच्या काठी वाढलेले माणूस एकच : आई. विजयदुर्गाहून लग्न होऊन ती इकडे आली, त्याला ६० वर्षे झाली. परवा तिला ८० वे वर्ष लागले. संख्याशास्त्र शिकणाऱ्या माझ्या कन्येने आजीला भेट म्हणून विजयदुर्ग ते इंदूर या वाटेचा नकाशा काढून देण्याचे ठरविले.

त्यासाठी तिने ‘आर’ ही संगणकाची भाषा योजिली. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी ती संख्याशास्त्रासाठी घडविली. किनाऱ्याची रेघ मात्र तीत बाहेरून भरून घ्यावी लागते. ‘नॅचरल अर्थ’ या विनामूल्य संग्रहात जगाचे किनारे तीन प्रमाणांत मिळतात : एकास अकरा कोटी, एकास पाच कोटी आणि एकास एक कोटी. प्रमाण सांगितले नाही, तर संगणक त्यांतले सर्वांत ढोबळ तेच उचलतो.

नकाशा उमटला. अक्षांश-रेखांश देऊन कन्येने विजयदुर्गाचा तांबडा ठिपका टाकला. आईने चष्मा सावरून पाहिले आणि म्हणाली, “अगं, माझं माहेर बुडवलंस की गं तू!”

ठिपका खरोखरच पाण्यात होता! पण चूक त्याची नव्हती, रेघेची होती. सारे जग एका लहानशा पानावर मावावे म्हणून त्या प्रमाणात किनाऱ्याचे मोजकेच बिंदू ठेवलेले असतात. मुंबईपासून मालवणपर्यंतचा किनारा जेमतेम दोन सरळ रेघांत आटोपतो. खाड्या, भूशिरे, बंदरे सारी गळून जातात. कन्येने एक कोटीच्या प्रमाणाचा संग्रह वेगळा उतरवून घेतला, तेव्हा कुठे विजयदुर्ग काठाला लागला.

भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर, असे आपण शाळेत पाठ केले. १९७० च्या दशकातील ते माप एकास ४५ लाख या प्रमाणावरचे होते. अलीकडे एकास अडीच लाख या प्रमाणावर मोजणी झाली, तेव्हा तोच किनारा ११,०९८ किलोमीटर भरला. पूर्वी सुटलेली वळणे आता हिशेबात आली होती.

आईचे तेवढ्याने समाधान झाले नाही. “वाघोटणची खाडी कुठाय? आणि आमचा धक्का?” ती विचारीत राहिली. धक्का कोणत्याच प्रमाणात नव्हता. मला एकाएकी ओशाळल्यासारखे झाले. पन्नाशी उलटली, तरी आईचे गाव माझ्या मनात दोनच रेघांचे होते : एक किल्ला, एक समुद्र. बाकीचे मी तिला कधी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन तिच्यापाशी बसलो. तिने पेन्सिल मागितली आणि कापऱ्या हाताने आधी खाडी काढली.